आईंचं नवं स्वयंपाकघर

मोकळ्या वेळेचं काय करावं हे सांगणारी माणसं लॉकडाऊनमध्ये जितकी उगवली तितकी मी जन्मात पाहिली नव्हती. टीव्हीवर एक बाई रोज सकाळी हसतमुखाने सांगायची की ही संधी आहे, संधीचं सोनं करा. कुणी परकी भाषा शिकत होतं, कुणी रिकाम्या बाटल्यांवर फुलं रंगवत होतं. माझी एक मैत्रीण तर डोक्यावर उभं राहायला शिकली आणि तिने त्याचे फोटो पाठवले. रस्त्यावरून रुग्णवाहिका ओरडत जात होत्या आणि ही डोक्यावर उभी. मला या सगळ्यांचा फार राग यायचा. त्याचं कारण साधं होतं, मला मोकळा वेळच नव्हता. मी एका कुरिअर कंपनीत फोनवर बोलायचं काम करते, आणि कंपनीने आम्हाला घरी बसवून दुप्पट कामाला लावलं होतं. सकाळपासून मी बाहेरच्या खोलीत खिडकीशी, कानाला हेडफोन लावून बसायची आणि ज्यांची पार्सलं कुठेतरी अडकलीत अशा लोकांची बोलणी खायची.

मोकळा वेळ होता माझ्या नवऱ्याला, आणि तो त्याला सोसत नव्हता.

तो सुतार आहे. दुकानांच्या आतलं लाकूडकाम करतो. औषधांची दुकानं, चपलांची, केक-पावांची. त्याच्या हाताखालचे कारागीर त्याला मिस्त्री म्हणतात, आणि चिडवायचं असेल तेव्हा मीही. एका चष्म्याच्या दुकानाचं काम अर्ध्यावर टाकून त्याला घरी यावं लागलं होतं. सुरुवातीला त्याने घरातली प्रत्येक बिजागरी काढून तेल घालून परत बसवली. सगळ्या सुऱ्यांना इतकी धार लावली की माझं बोट कापलं. मग घरात करण्यासारखं काही उरलं नाही आणि तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. दाढी सोडली, जेवण अर्धवट टाकायला लागला. ‘काय झालं’ विचारलं की ‘कुठे काय’ म्हणायचा. मला भीती वाटायची. पण बोलत होते मी वरवर चेष्टेनेच.

आमच्या घरात तिसरं माणूस म्हणजे आई, माझ्या सासूबाई. त्यांना दिसत नाही. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली. आधी बाजूचं गेलं, मग नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरलं, मग ती नळीही बारीक होत होत बंद झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना माझा चेहरा एका वेळी एका डोळ्याएवढाच दिसत असे. नंतर तेही नाही.

पण हे सगळं मी आता सांगतेय म्हणून. त्या घरात वावरताना कुणाला पत्ता लागला नसता, निदान स्वयंपाकघरात तरी नाहीच. तिथे त्या राज्य करायच्या. बटाटे सोलायच्या, चिरायच्या, दूध उतू जायच्या आधी आवाजावरून गॅस बारीक करायच्या. कपात चहा ओतताना कप भरल्याचं त्यांना कानाने कळायचं. एखादं झाकण मी बोटभर इकडचं तिकडे केलं की दुसऱ्या क्षणी हाक यायची, “सूनबाई, माझं झाकण फिरायला गेलंय का?” लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या स्वयंपाकघरात मी पाहुणीच होते. सुरुवातीला मला याचा राग यायचा, मग सवय झाली, आणि नोकरी लागल्यावर तर ते सुखच वाटायला लागलं. आम्ही दोघंही हळूहळू एक गोष्ट विसरून गेलो होतो, ती म्हणजे आईंना दिसत नाही. आमच्याकडून जे घडलं ते त्या विसरण्यातून घडलं.

ते स्वयंपाकघर सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं. तेही सुतारच. म्हणजे कसं असेल ते सांगायला नको, जगाची कपाटं सरळ आणि घरची वाकडी. एका दाराची बिजागरी ढिली, ते उघडताना कण्हायचं. एका फळीची कड फुटलेली. लाकडी ओट्याच्या एका कोपऱ्याला गरम पातेलं टेकून काळा खड्डा पडलेला. खालचा एक खण अर्धा उघडला की अडायचा, मग त्याला गुडघ्याने दणका द्यावा लागायचा. मिस्त्रीला त्या सगळ्याची लाज वाटायची. त्याच्या ओळखीतलं कुणी घरी आलं की तो आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचा.

दुसऱ्या गावी राहणाऱ्या माझ्या नणंदेचा एका रविवारी फोन आला. तीही त्या संधीवाल्यांपैकीच, घरात दोरीवरच्या उड्या मारत होती. भावाचा रडका आवाज ऐकून म्हणाली, “अरे, एवढा वेळ परत मिळणार आहे का? जगाची दुकानं सजवतोस आणि आई अजून त्या खुराड्यात. तिचं स्वयंपाकघर तरी करून टाक.”

तो पलंगावर उठून बसला. मी बघतच राहिले. इतक्या दिवसांत मी त्याला काय काय सांगून पाहिलं होतं, पण कशाने ढिम्म हलला नव्हता. आता त्याने पलंगाखालून मोजपट्टी काढली आणि अनवाणी स्वयंपाकघरात गेला. आई तिथे भांडी पुसत होत्या.

“आई, तुझं सगळं नवीन करतो,” तो म्हणाला. “एकदम नवीन. तुझ्या मापाचं.”

आईंचा हात कापडावर थांबला. किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही, पण थांबला होता एवढं आठवतं.

“कर,” त्या म्हणाल्या.

तो माप घ्यायला लागला तेव्हा त्या बाहेर येऊन माझ्या शेजारी बसल्या. माझा फोन चालू नव्हता. मी म्हटलं, “आई, तुम्हाला चालणार आहे ना? तुमचं सगळं इकडचं तिकडे होईल.”

“होईल की.”

“मग नको म्हणा ना त्याला. तुमचं ऐकेल तो.”

“हाताला काम नसलं की त्याच्या बापाचं काय झालं ते मी पाहिलंय,” त्या म्हणाल्या. “पडले, पाय गेला, घरी बसले. पायाने नाही मेले ते. हा पण तसाच भिंतीकडे तोंड करून निजतोय ना?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आवाज भिंतीवर आपटून येतो गं.” मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाल्या, “करू दे त्याला. मी शिकेन परत. एकदा शिकले ना?”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचंच होतं, कारण आतून मोजपट्टी सरसर आत जाण्याचा आवाज येत होता आणि त्याबरोबर तो काहीतरी गुणगुणत होता.

लाकडाची दुकानं बंद होती. लॅमिनेट, बिजागऱ्या, खणांच्या पट्ट्या असं उरलंसुरलं सामान त्याच्याकडे माळ्यावर पडून होतं, पण फळ्या नव्हत्या. मग त्याने जुनंच लाकूड वापरायचं ठरवलं. गॅस बाहेरच्या खोलीत आला, भांडी पलंगाखाली गेली, आणि आत तोडफोड सुरू झाली. मी एका हाताने कान दाबून लोकांना सांगत होते की आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. खालच्या मजल्यावरचे निवृत्त व्यायामशिक्षक काठीने छत ठोकायचे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. शेवटी मिस्त्रीने जाऊन त्यांच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय बसवून दिला, तेव्हा काठी थांबली.

तो पुन्हा माणसात आला होता. सकाळी दाढी करून कामाला लागायचा, दोन माणसांचं जेवायचा. जुन्या फळ्या उलट्या करून त्याने रंध्याने चांगल्या साफ केल्या, हव्या तशा कापल्या, जोडल्या. घरभर भुसा. आई खुर्चीत बसून लाकडाची कुरळी सालपटं बोटांनी उलगडत असायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “माझा तो काळा कोपरा कुठे ठेवलास रे?”

“ठेवतोय कशाला?” तो आतून म्हणाला. “रंधून टाकला. आता हात लावून बघ, लोण्यासारखा लागेल.”

“बरं,” आई म्हणाल्या.

त्याने जे केलं ते किती प्रेमाने केलं हे सांगितलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. आईंना उभं करून त्याने त्यांच्या कोपराची उंची घेतली, हात कुठवर पोचतो ते पाहिलं, आणि त्या मापाने ओटा बांधला. लागू नये म्हणून एकही कोपरा टोकदार ठेवला नाही. बाही अडकू नये म्हणून खणांना मुठी लावल्या नाहीत, दाबलं की उघडावेत असे केले. बोट चेमटू नये म्हणून दारं अशी बसवली की ती आपली आपण, आवाज न करता मिटायची. आणि त्यांच्या धंद्यात एक परीक्षा असते. काम झालं की डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचा. एकही सांधा, एकही कड हाताला लागली नाही तर काम पास. तो रोज संध्याकाळी डोळे मिटून हात फिरवायचा, आणि कुठे काही लागलं तर पॉलिश पेपर घेऊन परत बसायचा. मलाही एकदा बोलावलं. “डोळे मीट आणि सांग, ओटा कुठे संपतो आणि खण कुठे सुरू होतो.” मी हात फिरवला. मला सांगता येईना. तो इतका खूश झाला की त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

झालं त्या दिवशी त्याने आईंना हाताला धरून आत नेलं. खिडकीतून ऊन येत होतं, सगळं पांढरंशुभ्र, चित्रातल्यासारखं. मी दारात उभी. आईंनी ओट्यावर तळहात ठेवला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला, परत मध्ये आणला.

“गुळगुळीत आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठे काही लागलं?”

“नाही. कुठेच काही लागत नाही.”

त्याला ती शाबासकी वाटली. मलाही. मी फोटो काढून नणंदेला पाठवला आणि तिने तो आणखी कुणाकुणाला पाठवला.

पहिले काही दिवस आम्ही सगळे हसत होतो. आई खण शोधायला हात लावायच्या की भलताच खण उघडायचा, त्या वळल्या की त्यांच्या पाठी तो उघडाच राहिलेला, परत वळल्या की मांडीला लागायचा. पूर्वी दार कण्हलं की त्यांना कळायचं आपण कुठल्या दारापाशी आहोत. आता दारं बोलत नव्हती. भाजीत साखर पडली तेव्हा मिस्त्री म्हणाला, “नव्याचे नऊ दिवस, आई. बसेल हात.” आई म्हणाल्या, “बसेल की.” गरम पाणी त्यांच्या पायावर सांडलं तेव्हा त्यांनी मला सांगितलंच नाही. चालताना पाय उचलून टाकत होत्या, त्यावरून मला संध्याकाळी कळलं.

मग एके दिवशी त्या म्हणाल्या, “आज तूच कर गं. मला कंटाळा आलाय.” आईंना कंटाळा आलेला मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशीही कंटाळा आला. मी कामाच्या दोन फोनांच्या मध्ये काहीबाही शिजवायला लागले आणि मनात चडफडत राहिले की हौस यांची आणि भोगायचं मी.

एका सकाळी मी एका गृहस्थाशी बोलत होते. ते त्यांच्या औषधाच्या पार्सलावरून ओरडत होते आणि माझी नजर सहज आत गेली. आई स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या होत्या. दोन्ही हात पुढे, थोडे वर उचललेले, आणि अजिबात हलत नव्हत्या. रस्ता ओलांडून द्यायला कुणीतरी येईल म्हणून उभं असलेलं माणूस असतं तशा. मी त्या गृहस्थांना बोलतं सोडून उठले.

“आई, काय हवंय? मी देते.”

“काही नको,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान. “मी कुठे उभी आहे तेवढं सांग.”

जेमतेम चार पावलांचं ते स्वयंपाकघर. मी त्यांना धरलं तेव्हा त्यांची पाठ घामाने भिजली होती. आणि तेव्हा मला पहिल्यांदा, खरोखर पहिल्यांदा दिसलं की माझी सासू आंधळी आहे.

मी मिस्त्रीला सांगितलं. सांगताना जीभ आवरली नाही. म्हटलं, “तुझी ती डोळे मिटून करायची परीक्षा आहे ना, ती तू तुझ्यासाठी केलीस. त्यांना कड हवी होती. त्यांना सगळं हाताला लागायला हवं होतं.” त्याचा चेहरा बघून मला माझंच बोलणं नकोसं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने पटाशी घेतली आणि स्वतःच्या हातांनी लोण्यासारख्या केलेल्या त्या ओट्यावर खाचा पाडायला सुरुवात केली. मिठापाशी एक खाच, तेलापाशी दोन. खणांवर खरबरीत पट्ट्या चिकटवल्या. एका दाराची बिजागरी मुद्दाम सैल केली, पण नवीन बिजागरी ती, कण्हायला तयार होईना. त्याने कोपरेही पुन्हा टोकदार केले. असलं काम त्याच्या एखाद्या कारागिराने केलं असतं तर त्याने त्याला हाकलून दिलं असतं. मग तो आईंना घेऊन आत जायचा आणि त्यांचं बोट खाचेवर ठेवायचा.

“हे काय?”

“मीठ.”

“आणि हे?”

“तेल.”

“बघ, जमतंय.” लहान मुलाला मुळाक्षरं शिकवावीत तसं चाललं होतं. आई बरोबर उत्तरं द्यायच्या. पण तो बाजूला झाला की त्या एक पाऊल पुढे टाकायच्या नाहीत. खाचा पाठ झाल्या होत्या, खोली समजत नव्हती.

असं बरेच दिवस चाललं. एका दुपारी त्याने पुन्हा हात धरला तेव्हा त्या म्हणाल्या, “आज नको रे. बस इथे.”

तो त्यांच्या पायाशी बसला. मी हेडफोन काढून ठेवला.

“तू चांगलंच केलंयस,” त्या म्हणाल्या. “सगळे म्हणतात, म्हणजे चांगलंच असेल. पण ते मला दिसत नाही. जुनं दिसायचं.”

“दिसायचं म्हणजे?”

“डोळे जातायत हे डॉक्टरांनी सांगितलं ना, तेव्हापासून मी रोज एकेक वस्तू बघून ठेवली. आज हा खण, उद्या ती फळी. बारीक बारीक. नळीतून का होईना, पण बघितलं. डोळे बंद झाले तोवर सगळं आत उतरलं होतं. मग सकाळी पाऊल टाकलं की सगळं दिसायचं, ऊन कुठवर आलंय तेसुद्धा. तुझे बाबा त्या खणाला दणका देताना दिसायचे. बाहेरच्या खोलीत नाही, रस्त्यावर नाही, फक्त तिथे. मला कधी अंधार वाटलाच नाही रे.”

“आणि आता?”

“आता अंधार आहे.”

मिस्त्री म्हणाला, “आई, तू मला तेव्हाच नको का नाही म्हणालीस?”

“मला वाटलं जमेल. पूर्वी शिकले तेव्हा थोडा उजेड होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

“मी परत करतो. जसंच्या तसं. बाबांनी केलं होतं तसं.”

“कशाचं करशील?” आईंनी विचारलं. चिडून नाही, सहज.

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. जुन्या स्वयंपाकघराची एक-एक फळी तिथेच होती, पण कापलेली, रंधलेली, उलटी करून पांढऱ्या लॅमिनेटखाली चिकटवलेली. तरी तो हटला नाही. उरलेले तुकडे जोडीन म्हणाला, लाकडाची दुकानं उघडली की नवीन आणीन म्हणाला. मग मापावर येऊन अडला. नवीन कामाची इंचाइंचाची मापं त्याच्याकडे होती, जुन्याचं एकही नव्हतं. जे तोडायचं त्याचं माप कोण घेतं? फोटो शोधायला आम्ही दोघांचे फोन पालथे घातले. वाढदिवस होते, पाहुणे होते, बाहेरच्या खोलीतले पडदे होते. त्या खुराड्याचा फोटो आम्ही कधी काढला नव्हता, कारण आम्हाला त्याची लाज वाटायची. एका फोटोत आईंच्या खांद्यामागे दाराची फट होती आणि फटीत काहीतरी तपकिरी दिसत होतं. तो ते मोठं करून करून बघत राहिला.

मग त्याने आईंनाच विचारायला सुरुवात केली. ती फळी किती उंच होती? तो खण डावीकडे की मध्ये? आई सांगायच्या. आधी पटपट, मग अडखळत. एकदा म्हणाल्या डावीकडे, दुसऱ्यांदा म्हणाल्या मध्ये. तो म्हणाला, “आई, काल तू डावीकडे म्हणालीस.” त्यांनी दोन्ही हात वर करून त्याला थांबवलं.

“आता विचारू नकोस,” त्या म्हणाल्या. “आणि मला आत नेऊ नकोस. त्या नव्याला हात लागला की आतलं एकेक पुसतं. जेवढं राहिलंय तेवढं राहू दे मला.”

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. खुर्ची बाहेरच्या खोलीत, माझ्या टेबलाजवळ, स्वयंपाकघराकडे पाठ करून ठेवायला सांगितली. आम्ही देऊ तेव्हा जेवायच्या, देऊ तेवढं जेवायच्या. आवडलं-नावडलं काही नाही. ज्या बाईने मी कधीमधी केलेल्या चहाला दर वेळी नावं ठेवली ती आता कसाही चहा मुकाट पिते, हे माझ्याने बघवत नाही. मी दोनदा मुद्दाम वाईट केला. “छान झालाय,” म्हणाल्या.

लॉकडाऊन उठला. नणंदेने फिरवलेल्या त्या फोटोमुळे मिस्त्रीला लोकांचे फोन यायला लागले, आम्हालाही असंच स्वयंपाकघर करून द्या म्हणून. तो सांगतो, मी फक्त दुकानांची कामं करतो. सकाळी जातो, अंधार पडल्यावर येतो, आल्यावर आईंच्या पायाशी थोडा वेळ बसतो. आई त्याच्या केसांतला भुसा काढत राहतात. मी अजून घरूनच काम करते. टीव्हीवरची ती हसरी बाई मात्र गेली, आता तिथे दुसरं काहीतरी असतं.

परवा दुपारी माझे फोन जरा कमी होते. आई खुर्चीत होत्या. मला वाटलं, डुलकी लागली. पण त्यांचे हात हलत होते. मी नीट पाहिलं. डाव्या हाताने त्यांनी खालून काहीतरी उचललं आणि समोर ठेवलं. उजव्याने झाकण काढलं, जिथे ठेवायचं तिथे ठेवलं. गुडघ्याने हवेत एक हलका दणका दिला. पाणी ओतलं, कान देऊन थांबल्या, आच बारीक केली. त्या चहा करत होत्या. प्रत्येक गोष्टीला हात तिच्या तिच्या अंतरापर्यंत जात होता, कुठे चाचपणं नाही की अडखळणं नाही. चेहरा निवांत होता. इतक्या महिन्यांत तो तसा मी पाहिला नव्हता. मला हलायचीसुद्धा भीती वाटली.

मग उजवा हात वर गेला आणि हवेतच राहिला. थोडा डावीकडे सरकला, परत आला, खाली उतरला, पुन्हा वर गेला. चेहरा आक्रसला.

“तू आहेस का गं तिथे?”

“आहे, आई.”

“गाळणं कुठे टांगायचो आपण?”

मी आठवायला लागले. ते गाळणं मी वर्षानुवर्षं रोज धुतलं होतं आणि धुऊन त्यांच्या हातात दिलं होतं. ठेवायचं काम त्यांचं. खिडकीशी होतं? दारामागे? फळीखाली? डोळे मिटून पाहिलं तर मला ती पांढरी, खाचा पाडलेली खोलीच दिसत होती. दुसरं काही म्हणजे काही आठवेना, आणि त्यांचा हात तसाच वर, वाट बघत होता.

“खिडकीच्या चौकटीला, आई,” मी ठोकून दिलं. “उजव्या बाजूला.”

“हां,” त्या म्हणाल्या, आणि चेहरा पुन्हा सैल झाला. हात मी सांगितलं तिकडे वळला. तिथून त्यांनी गाळणं काढून घेतलं आणि चहा गाळायला लागल्या.